हिमपरीक्षण संच: पिशवीतलं काय कामाचं, काय नुसतं ओझं

हिवाळ्यात मळलेल्या वाटा सोडून डोंगरात स्की किंवा स्नोशूवर फिरणाऱ्यांसाठी 'स्नो स्टडी किट' नावाचा तयार संच मिळतो. चेन लावलेली छोटी पिशवी आणि तिच्यात घडीची करवत, गाठी मारलेली दोरी, क्रिस्टल कार्ड, भिंग, थर्मामीटर, उतारमापक, वही आणि पेन्सिल. कंपनीगणिक एखादी वस्तू कमी-जास्त होते, गाभा तोच राहतो. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. एखाद्या कंपनीचा संच उचलून त्याला गुण देण्यापेक्षा, या प्रकारच्या संचातली कुठली वस्तू हिमस्खलनाचा धोका ओळखायला खरोखर मदत करते आणि कुठली हमखास फसवते, हे इथे पाहू.

बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (हिमात खुपसून शोधायची लांब घडीची सळई) आणि फावडं या संचात नसतात. ती तिन्ही आधीच जवळ नसतील आणि वापरायचा सराव नसेल, तर हा संच घेण्याचा विचार सोडून द्यावा. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते, आणि त्या वेळात करवत किंवा भिंग कुणालाही बाहेर काढत नाही. शिवाय फावडं आणि प्रोब नसतील तर या पिशवीतल्या निम्म्या वस्तू चालतच नाहीत.

संच घेण्याआधी त्याची मर्यादा माहीत हवी. खड्डा खणून केलेली चाचणी 'इथे धोका आहे' हे बऱ्यापैकी भरवशानं सांगते. 'इथे धोका नाही' हे ती कधीच सांगत नाही. एकाच उतारावर दहा-वीस मीटर सरकलं की वाऱ्यामुळे, खालच्या खडकामुळे, झाडांमुळे थरांची जाडी आणि घट्टपणा बदलतो. खड्ड्याच्या भिंतीत कापलेला हिमाचा तुकडा सहज सुटला तर माघार घ्यायला तेवढं कारण पुरतं. नाही सुटला तर त्यातून एवढंच कळतं की या एका मीटरभर भिंतीत तो सुटला नाही. संचातल्या प्रत्येक वस्तूची किंमत मग एकाच हिशोबानं ठरते: ती 'जायचं नाही' हे उत्तर किती लवकर आणि किती स्वच्छ मिळवून देते?

उतारमापक

पिशवीतली ही बहुधा सर्वांत स्वस्त वस्तू, आणि सर्वांत जास्त कामाचीही हीच.

ज्यात वरचा घट्ट थर खालच्या कमकुवत थरावरून अखंड सुटून घसरतो ती स्लॅब हिमस्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. तीसच्या खाली ती विरळ होतात. त्यामुळे २८ आणि ३४ अंश यांतला फरक हा जवळपास निर्णयाचाच फरक असतो, आणि नेमका तोच डोळ्याला दिसत नाही. नुसत्या अंदाजात पाच-सात अंशांची चूक सराईतांचीही होते.

लोलक किंवा गोळी असलेलं साधं प्लास्टिकचं कार्ड घ्यावं. त्याची अचूकता साधारण दोन अंशांच्या आत असते, बॅटरी लागत नाही आणि जाड हातमोज्यातही ते धरता येतं. इलेक्ट्रॉनिक मापक दशांशापर्यंत आकडा दाखवतात, पण हिमाचा पृष्ठभागच तेवढा सपाट नसतो, तर त्या दशांशाला अर्थ उरत नाही. थंडीत त्यांचा पडदाही मंदावतो. फोनमधलं अ‍ॅप कामचलाऊ आहे. मात्र फोनच्या पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा असेल तर फोन स्कीच्या काठीवर तिरका बसतो आणि आकडा चुकतो; फोनची लांब कड टेकवावी. निघण्याआधी सपाट जागेवर शून्य तपासून घ्यावं.

मोजायचं ते असं: काठी उताराच्या दिशेनं हिमावर आडवी टेकवायची आणि तिच्यावर मापक ठेवायचं. मीटरभर लांबीमुळे बारीक उंचसखलपणा सरासरीत जिरतो. मापक थेट हिमावर ठेवलं तर ते जिथे टेकलं तेवढ्या वीतभर जागेचाच कोन मिळतो. दुसरी नेहमीची चूक खालच्या सपाटीवर उभं राहून वर नेम धरण्याची. त्यात सपाटीही मोजली जाते आणि आकडा कमी येतो, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूची होते. मोजायचा असतो तो उताराचा सर्वांत उभा भाग, साधारण २० मीटर लांब-रुंद. सरासरी २९ अंश असलेल्या उताराच्या मध्यावर ३६ अंशांचा फुगवटा असेल, तर तो उतार ३६ चा धरायचा.

मापक हरवलं तरी दोन सारख्या लांबीच्या काठ्यांवर काम भागतं. एक काठी उताराच्या दिशेनं हिमावर दाबून तिचा ठसा उमटवायचा. मग तिचं टोक ठशाच्या वरच्या बिंदूवर टेकवून मूठ हळूहळू उचलायची. त्याच मुठीपाशी दुसरी काठी चिमटीत सैल धरून सरळ खाली लोंबती ठेवायची. पहिली काठी पुढे झुकवत नेली की लोंबत्या काठीचं टोक हिमाला टेकतं. ते ठशाच्या खालच्या टोकावरच टेकलं तर उतार ३० अंशांचा, कारण तिन्ही बाजू सारख्या झाल्या. त्याच्या खाली टेकलं तर उतार त्याहून उभा: १२० सेंटीमीटरच्या काठ्यांना प्रत्येक १० सेंटीमीटरमागे सुमारे ३ अंश जोडायचे.

नकाशावर उताराचे रंग दाखवणारी अ‍ॅप आखणीसाठी उत्तम आहेत, पण त्यांच्यामागचा उंचीचा आराखडा बहुतेक वेळा दहा मीटर किंवा त्याहून मोठ्या चौकटींचा असतो. सहा-सात मीटरचा उभा टप्पा त्यात पुसला जातो आणि नकाशावर जागा सौम्य दिसते. आणखी एक गोष्ट मापक सांगत नाही: आपण उभे आहोत ती जागा १५ अंशांची असली, तरी तिला वर जोडलेला ३८ अंशांचा उतार आपल्या वजनानं दुरूनही सुटू शकतो. पायाखालचा आकडा मोजून झाला की मान वर करायचीच.

करवत आणि दोरी

करवतीत पहिलं पाहायचं ते पात्याची लांबी. बहुतेक प्रमाणित चाचण्यांचा तुकडा उताराच्या दिशेनं ३० सेंटीमीटर खोल असतो, म्हणून पातं किमान ३५ सेंटीमीटर हवं. काही संचांत वजन वाचवायला पंचविशीतलं पातं देतात. त्यानं पाठीमागचा काप पूर्ण होत नाही, तुकडा मागे कुठेतरी चिकटून राहतो आणि चाचणीचा निकाल आहे त्यापेक्षा चांगला येतो. असलं पातं असलेला संच बाकी कितीही नीटनेटका असला तरी घेऊ नये.

दात मोठे आणि विरळ हवेत. बारीक दातांत ओलसर हिम अडकून पातं गुळगुळीत होतं, आणि गोठलेल्या कवचाच्या थरावर ते नुसतं घसरतं. पात्याची पाठ सरळ, बिनदातेरी आणि पातळ असावी, कारण एका चाचणीत तीच बाजू वापरायची असते. पातं लवचिक असेल तर ते कमकुवत थर सोडून वर-खाली भटकतं. सेंटीमीटरच्या खुणा पात्यावर कोरलेल्या असाव्यात. छापलेल्या खुणा घर्षणानं पुसल्या जातात. घडीच्या करवतीचा खटका आधी हातमोजे घालून उघडून पाहावा. त्यात हिम शिरून गोठलं की तो निम्म्यात अडकतो, आणि बोटांवर मिटणारी करवत डोंगरात कुणाला नको असते.

गाठींची दोरी अनेकांना फालतू वाटते, पण सर्वांत जास्त वेळ तीच वाचवते. ९० सेंटीमीटर रुंद तुकड्याची पाठ करवतीनं कापायची म्हणजे बाजूनं खणत जावं लागतं. त्याऐवजी मागच्या दोन कोपऱ्यांत दोन प्रोब उभे रोवायचे, दोरी त्यांच्यामागून फिरवायची आणि दोन्ही टोकं पुढे धरून आळीपाळीनं ओढायची. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची, अडीच-तीन मीटर लांब दोरी पुरते. दर २०-२५ सेंटीमीटरवर गाठ हवी. गाठी नसलेली दोरी मऊ हिमात चालते, कवचावर अडते. ओढताना मध्ये थांबू नये, थांबलं की दोरी जागीच गोठते. प्रोब सरळ उभे नसतील तर तुकडा खाली रुंद होत जातो आणि त्याची ताकद फुगते. दुसरा प्रोब सोबत्याकडून घ्यावा. नसलाच तर चकती काढलेली काठी चालते.

खड्डा आणि चाचण्या

करवत कितीही चांगली असो, खड्डा चुकीच्या जागी असेल तर सगळं वाया. जायच्या उताराचीच दिशा, तेवढीच उंची, जवळपास तेवढाच कोन, पण घसरलं तरी काही बिघडणार नाही अशी छोटी जागा शोधायची. झाडाखाली, लोंबत्या हिमछज्जाखाली किंवा माणसांच्या जुन्या वावराच्या खुणांवर खणू नये. आधी प्रोबनं चार ठिकाणी खोली मोजावी आणि जिथे हिम सरासरीपेक्षा थोडं पातळ आहे तिथे खणावं. कमकुवत थर तिथे वर असतो आणि माणसाच्या वजनाला लवकर भिडतो. दीड मीटरच्या खाली जाण्यात सहसा अर्थ नसतो. एकट्या माणसाचा भार एका मीटरखाली फारसा पोहोचत नाही. भिंत सावलीतली निवडावी आणि फावड्यानं सरळ उभी तासावी.

तासलेल्या भिंतीवरून मऊ ब्रश आडवा फिरवला की थर डोळ्यांसमोर येतात. मऊ थरातलं हिम ब्रशबरोबर निघून येतं आणि तिथे बारीक खाच पडते. घट्ट थर कडेसारखे पुढे उरतात. कित्येकदा २ मिलिमीटरचा करडा पट्टा याच पद्धतीनं सापडतो, एरवी तो पांढऱ्यात पांढरा होऊन लपलेला असतो. नवल म्हणजे बहुतेक संचांत ब्रश नसतोच. रंगकामाचा चार-पाच सेंटीमीटर रुंदीचा साधा ब्रश टाकून घ्यावा, दांडी निम्मी कापली तरी चालते.

घट्टपणा मोजायला काही विकत घ्यावं लागत नाही. भिंतीत हलक्या दाबानं मूठ जाते का, चार बोटं जातात का, एक बोट, पेन्सिल, की फक्त सुरीचं टोक, अशा पायऱ्या असतात. वरचा थर एका बोटाचा आणि त्याखालचा मुठीचा असेल तर तो सांधा संशयास्पद. संशयित थर एका मीटरच्या आत आहे, १० सेंटीमीटरहून पातळ आहे आणि त्याचे कण शेजारच्या थरापेक्षा ठळकपणे मोठे आहेत, असं सगळं एकत्र आलं तर चाचणी न करताही पावलं मागे घ्यायला हरकत नाही.

करवत-दोरीच्या संचाचं खरं चीज होतं ते एक्स्टेंडेड कॉलम टेस्टमध्ये, म्हणजे ईसीटीत. रॉन सिमेनहॉइस आणि कार्ल बर्कलँड यांनी ती २००६ मध्ये मांडली. तुकडा ९० सेंटीमीटर रुंद, उताराच्या दिशेनं ३० सेंटीमीटर. चारही बाजूंनी कमकुवत थराच्या खालपर्यंत सुटा केलेला. एका टोकाला फावड्याचं पातं सपाट ठेवायचं आणि त्यावर मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० असे ३० झटके द्यायचे. हात आपल्या वजनानं पडू द्यायचा, ढकलायचा नाही. इथेच निकाल सर्वांत जास्त बिघडतो: कुणी खांद्यातून थेट ठोसे मारतं, कुणी भीतभीत थोपटतं. फावड्याचं पातं खूप वळणदार असेल तर दाब दोन रेषांतच पडतो. पाठ सपाट असलेलं धातूचं फावडं यासाठी बरं.

तडा कितव्या झटक्याला गेला यापेक्षा तो कुठपर्यंत गेला हे महत्त्वाचं. ज्या झटक्याला तडा सुरू झाला त्याच किंवा लगेच पुढच्या झटक्याला तो पूर्ण ९० सेंटीमीटर पार झाला, तर नोंद ईसीटीपी. फावड्याखालीच थांबला तर ईसीटीएन. तीस झटक्यांत काहीच झालं नाही तर ईसीटीएक्स. तुकडा सुटा करतानाच तडा आरपार गेला तर ईसीटीपीव्ही, आणि मग पुढे मोजण्यासारखं काही राहत नाही. एकाच खड्ड्यात दोनदा करावी. एक निकाल पी आणि दुसरा एन आला तर पी धरावा. संशयित थर वरच्या १५ सेंटीमीटरच्या मऊ हिमात किंवा एका मीटरपेक्षा खोल असेल तर ही चाचणी नीट बोलत नाही.

खोलवरच्या, आधीच ठाऊक असलेल्या थरासाठी प्रोपगेशन सॉ टेस्ट, पीएसटी. यात तुकडा ३० सेंटीमीटर रुंद आणि उताराच्या दिशेनं एक मीटर लांब. करवतीची बोथट पाठ कमकुवत थरात खालून वर, सेकंदाला १० ते २० सेंटीमीटर वेगानं ओढायची आणि तडा आपोआप पुढे पळतो तो क्षण टिपायचा. तडा निम्म्याच्या आत सुटून टोकापर्यंत पोहोचला तर थर वाईट. लांब आणि ताठ पात्याचे पैसे इथे वसूल होतात. पण ही चाचणी थर शोधून देत नाही. तो आधी माहीत असावा लागतो. थर शोधायला ३० बाय ३० सेंटीमीटरची साधी कॉम्प्रेशन टेस्ट बरी. झटके तेच तीस, पण तडा पसरेल का हे ती नीट सांगत नाही.

सरावलेल्या दोघांना चांगल्या फावड्यानं हे सगळं वीसेक मिनिटांत उरकतं. तास लागत असेल तर लोक दुसऱ्या दिवशी खणणंच सोडतात, म्हणून या भागात वेळ वाचवणारी प्रत्येक वस्तू आपलं वजन वसूल करते.

कार्ड आणि भिंग

क्रिस्टल कार्डावर १, २ आणि ३ मिलिमीटरच्या चौकटी असतात, भिंग ८ ते १० पट. दोन्ही कामाची, पण एकाच प्रश्नापुरती: हा थर टिकाऊ कमकुवत प्रकारातला आहे का? कार्ड थरात अलगद सरकवून कण त्यावर घ्यायचे आणि सावलीत, श्वास रोखून पाहायचे. चपटी त्रिकोणी पाती आणि त्यांच्यावर समांतर रेघा दिसल्या तर ते गाडलेलं पृष्ठदंव. टोकदार कडांचे, सपाट पैलूंचे, जाड साखरेसारखे सुटे कण म्हणजे फॅसेट. जमिनीलगत तेच वाढून पेल्याच्या आकाराचे, रेघांचे, कित्येक मिलिमीटरचे झाले की डेप्थ होर. हे तीनही आठवडे-महिने टिकतात आणि पुढच्या हिमवृष्टीचं ओझं आलं की सुटतात. गोल, एकमेकांना चिकटलेले बारीक कण दिसले तर तो थर बहुधा सावरतो आहे.

कार्ड गडद रंगाचं हवं, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं काही कळत नाही. धातूचं कार्ड खिशातून थेट काढलं तर कण टेकताच कडा वितळून गोल होतात, आणि फॅसेटचे गोल कण समजून माणूस निर्धास्त होतो. आधी पाच मिनिटं हिमात रोवून ते गार करून घ्यावं. तीस पटींची भिंगं दिखाऊ आहेत. एवढ्या जवळून कण नजरेत ठरत नाही आणि श्वासाची वाफ आधी पोहोचते.

थर्मामीटर

संचातली सर्वांत वादग्रस्त वस्तू. शास्त्र बरोबर आहे: दर १० सेंटीमीटरला १ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त फरक असेल तर वाफ वेगानं वर सरकते आणि कण पैलूदार, सुटे होत जातात. अडचण यंत्राची आहे. संचातल्या स्वस्त डिजिटल सळईची अचूकता बरेचदा ±१ अंश असते. एकाच सळईनं दोन्ही जागा मोजल्या तर तिची ठरलेली चूक वजाबाकीत निघून जाते, पण दर वेळी मिनिटभर थांबायला हवं आणि सळईवर ऊन पडता कामा नये. बहुतेक जण दहा सेकंदांत आकडा वाचतात.

कडक हिवाळ्यात दिवसभराच्या फेरीसाठी थर्मामीटर घरी ठेवला तरी फार बिघडत नाही, कारण पैलूदार कण भिंगात दिसतातच. वसंतात गोष्ट वेगळी. वरपासून खालपर्यंत सगळीकडे शून्य अंश आलं तर हिमात पाणी मुरायला वाट मोकळी आहे, आणि रात्री कवच गोठलं नसेल तर दुपारची ओली स्खलनं दूर नाहीत. सोबत एक फुकटची चाचणी करावी: मुठीत हिम दाबलं आणि बोटांतून पाणी गळलं, किंवा बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, तर त्या उतारावरून आणि त्याच्या पायथ्यातूनही निघायची वेळ झाली.

घनता मोजायचं पात्र आणि ताणकाटा काही महागड्या संचांत घुसवलेले असतात. निरीक्षण केंद्रांवर त्यांचं काम आहे, जाऊ की नको ठरवणाऱ्या फिरस्त्याला त्यांचा उपयोग नाही. घडीची मोजपट्टीही सोडता येते, प्रोबवर सेंटीमीटरच्या खुणा असतातच. वही मात्र जलरोधक कागदाची हवी आणि लिहायला पेन्सिल, कारण शाई गोठते.

संच कधी चालतो, कधी नाही

विकणारे हे सांगत नाहीत. प्रादेशिक हिमस्खलन बुलेटिनमध्ये धोक्याची पातळी १ ते ५ असते, पण संच बाहेर काढायचा की नाही हे त्या आकड्यावरून ठरत नाही. युरोपातल्या बुलेटिनमध्ये धोक्याचे पाच मुख्य प्रकार सांगतात: नवं हिम, वाऱ्यानं साठवलेलं हिम, टिकाऊ कमकुवत थर, ओलं हिम आणि जमिनीवरून सरकणारं हिम. हा संच टिकाऊ कमकुवत थरासाठी बनलाय आणि तिथेच चमकतो, कारण तो थर गाडलेला, न दिसणारा आणि बराच पसरलेला असतो. बुलेटिन सांगतं की २२०० मीटरच्या वर उत्तरेकडच्या उतारांवर ५० सेंटीमीटरखाली पृष्ठदंवाचा थर आहे. संच दाखवतो की तो आपल्या उतारावरही आहे आणि अजून किती तापट आहे. काय शोधायचं हे माहीत नसताना खणलेला खड्डा म्हणजे निव्वळ व्यायाम.

वाऱ्यानं साठवलेल्या हिमात संच कमी पडतो. तिथे दर पाच मीटरला परिस्थिती बदलते आणि खड्डा हमखास चुकीच्या जागी पडतो. त्याऐवजी डोळे वापरावेत: कड्यावरचे हिमछज्जे, पृष्ठभागावरच्या लाटा, काठी टोचल्यावर लागणारी पोकळ थाप, पावलासमोर पळणारे तडे. सात-आठ पावलांचा, खाली काही नसलेला छोटासा उभा टप्पा मुद्दाम पायानं दाबून पाहणं खड्ड्यापेक्षा जास्त सांगून जातं. ताज्या हिमवृष्टीनंतरही तेच. २४ तासांत ३० सेंटीमीटरच्या वर पडलं आणि वारा होता, तर करवत काढायची गरज नाही, उत्तर आलेलं आहे. जमिनीवरून सरकणाऱ्या हिमाला कुठलीच चाचणी लागू पडत नाही. गवताळ किंवा गुळगुळीत खडकाच्या उतारावर जमिनीपर्यंत फाकलेली भेग दिसली की तिच्याखाली रेंगाळायचं नाही. ती तासाभरात सुटेल की महिन्यानं, हे कुणी सांगू शकत नाही.

पायाखाली 'व्हुम्फ' असा बसका आवाज आला, किंवा शेजारच्या तशाच उतारावर आज-कालची ताजी घसरण दिसली, तर संच पिशवीतच राहू द्यावा. चाचणीतून जे शोधायचं होतं ते डोंगरानं सांगून टाकलंय. अशा वेळी खड्डा खणणारे लोक बहुतेकदा ऐकू आलेलं उत्तर बदलून मिळेल का, हे पाहत असतात.

बांधणी आणि देखभाल

काही पिशव्यांना झाकणासाठी चुंबक लावतात. अशी पिशवी छातीजवळच्या खिशात ठेवू नये. चुंबक, धातू आणि चालू इलेक्ट्रॉनिक वस्तू बीकनपासून प्रक्षेपणात किमान २० सेंटीमीटर आणि शोधताना ५० सेंटीमीटर लांब हव्यात. साधी चेन किंवा गुंडाळून बांधायची पिशवी सर्वांत बरी. चेनच्या टोकाला बोटभर दोरी बांधून घ्यावी, हातमोज्यात चेनची कळ सापडत नाही. करवतीला घट्ट म्यान नसेल तर ती पिशवीचं अस्तर आणि दोरी दोन्ही कापते. जुन्या पाण्याच्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा दातांवर बसवला की झालं.

परतल्यावर सगळं उघडं करून वाळवावं. दोरी ओलीच गुंडाळली तर पुढच्या वेळी ती गोठलेल्या वेटोळ्यात निघते. घासून गाठी सपाट झाल्या असतील तर दोरीच बदलावी. पात्यावर तेलाचा हलका हात, खटक्यात मात्र तेल नको, थंडीत ते घट्ट होतं. थर्मामीटर हंगामात दोन-तीनदा कुटलेला बर्फ आणि थोड्या पाण्याच्या काल्यात बुडवून पाहावा: नीट ढवळून मिनिटभरानं शून्य दिसायला हवं. पाऊण अंश वर दाखवत असेल तर तेवढा आकडा चिकटपट्टीवर लिहून सळईच्या डोक्याला चिकटवावा, आणि प्रत्येक वाचनातून तो वजा करावा.